वसंतातली केसाळ, सोंडवाली माशी: मधमाश्यांच्या बिळांवर ही काय उडवते आहे?

रानगवत (प्रश्न)

जमिनीत बिळं करणाऱ्या एकांड्या मधमाश्यांची (अँड्रीना गटातल्या) एक वसाहत आहे. जागा उन्हाची, गवत विरळ, जमीन थोडी उताराची. मधमाश्या बाहेर पडायला लागल्यापासून आठवड्याभरात तिथे एक तपकिरी, लोकरीसारख्या केसांचा कीटक दिसू लागला. लांबी साधारण एक सेंटिमीटर, पुढे सुईसारखी ताठ सोंड, आवाज बारीक आणि चढा. बिळापासून दोन-तीन बोटं उंचीवर तो अधांतरी थांबतो आणि पोटाचं टोक झटका दिल्यासारखं पुढे फेकतो. बिळात मात्र कधी शिरत नाही. मधूनच मोकळ्या धुळीत बसून पोटाचं टोक मातीत घासतो.

विचारायचं ते असं. ही मधमाशी की माशी? ती बिळांवर नेमकं काय करते? वसाहतीला धोका असेल तर जाळी टाकावी का, की आणखी काही उपाय आहे? आणि लाकडाच्या भोकांत किंवा बोरूच्या नळ्यांत राहणाऱ्या मधमाश्यांनाही हिचा त्रास होतो का?

दोनपंखी

ही माशीच. तुमच्या वर्णनावरून बॉम्बिलियस वंशातली बी फ्लाय, आणि सर्वाधिक शक्यता बॉम्बिलियस मेजरची. लिनियसने १७५८ साली नाव दिलेली ही जात युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या समशीतोष्ण भागांत सर्वत्र आहे. वर्षाला एकच पिढी होते. मार्चच्या मध्यापासून मे अखेरीपर्यंत ती उडताना दिसते, थंड जागी थोडी उशिरापर्यंत.

खात्री करायची तर पंख बघा, अंगाचा रंग बघू नका. केस उन्हाने फिकट होतात, झिजतात आणि आठ-दहा दिवसांत तीच माशी वेगळीच दिसू लागते. मेजरच्या पंखाची पुढची अर्धी बाजू गडद तपकिरी असते, मागची स्वच्छ पारदर्शक, आणि दोहोंमधली सीमा नागमोडी पण धारदार. पंखावर सुटे सुटे काळे ठिपके असतील तर ती बॉम्बिलियस डिसकलर. उडताना यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ती तापलेल्या मातीवर किंवा सुक्या पानावर टेकेपर्यंत थांबा. टेकल्यावरही ती पंख पाठीवर मिटत नाही. ते मागे झुकवून दोन्ही बाजूंना पसरून ठेवते आणि वरून त्रिकोणी आकार दिसतो. मधमाशी पंख पाठीवर घेते. हा फरक चार पावलांवरूनही कळतो.

बाकीच्या खुणा जवळून बघायच्या. पंखांची जोडी एकच, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन छोटे दांडे. शृंगिका अगदी आखूड. पाय काटकुळे, परागाची टोपली नाही. सोंड सहा-सात मिलिमीटरची, कायम पुढे रोखलेली. ती मिटत नाही, आत जात नाही आणि चावायच्या कामाची तर अजिबात नाही, ती फक्त मधुरसासाठी आहे. डंखही नाही, त्यामुळे हातावर बसली तरी घाबरायचं कारण नाही. नर-मादी डोळ्यांवरून ओळखता येतात: नराचे दोन्ही डोळे टाळूवर एकमेकांना भिडलेले, मादीच्या डोळ्यांमध्ये स्पष्ट पट्टा. बिळांवर झटके देताना दिसते ती मादी.

एक घोळ नेहमी होतो. अँथोफोरा ही केसाळ मधमाशीही त्याच दिवसांत, त्याच नळीदार फुलांवर येते, अधांतरीही थांबते, आणि तिची जीभही लांब आहे. पण ती जीभ फुलापाशी बाहेर काढते आणि इतर वेळी खाली दुमडून ठेवते. शिवाय उडताना ती झपकन दिशा बदलते. बी फ्लाय एका बिंदूवर टांगल्यासारखी राहते आणि रस पिताना पुढचे पाय फुलाच्या पाकळीला हलकेच टेकवते.

भुईकोठडी

ओळख झाली, आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. ती अंडी फेकते आहे.

धुळीत पोट घासणं हा त्याच कामाचा पहिला भाग. मादीच्या पोटाच्या टोकाशी केसांनी वेढलेली एक पोकळी असते, तिला वाळूची पिशवी म्हणता येईल. बारीक, सुकी माती ती त्यात भरून घेते. अंडं बाहेर येताना या मातीत घोळून निघतं. त्यामुळे अंड्याला वजन येतं आणि फेकल्यावर ते दूर जातं, वरचा चिकटपणा झाकला जातो, ते लवकर सुकत नाही आणि जमिनीवर पडल्यावर मातीचाच कण वाटतं. भरलेली माती संपली की मादी पुन्हा धुळीत उतरते. म्हणून घासणं आणि फेकणं आलटून पालटून दिसतं. ओल्या, चिकट मातीत हे जमत नाही. पाऊस पडून गेल्यावर वरचा थर सुकेपर्यंत ती बिळांवर फारशी दिसत नाही, त्यामागचं एक कारण हेही. दुसरं कारण ऊन, ढग आले की ती बसून राहते.

नेम अचूक नसतो. गडद, गोल ठिपका दिसला की फेकायचं, असा तो सारा व्यवहार आहे. त्यामुळे बिळासारखी दिसणारी भेग, काठीने पडलेलं भोक, रिकामं जुनं बीळ, कशावरही अंडी पडतात. बरीचशी बिळाच्या तोंडापाशी पडतात, आत नाहीत. अशी किती वाया जातात याची भरपाई संख्येने होते, मादी एकामागून एक पुष्कळ अंडी टाकते.

अंड्यातून निघणारी पहिली अळी हा या सगळ्या चक्रातला मला सर्वात विलक्षण वाटणारा टप्पा. तिला प्लॅनिडियम म्हणतात. सूक्ष्म, सडपातळ, खरे पाय नसलेली, पण अंगावरच्या लांब ताठ केसांच्या आधाराने सरकणारी. तिचं काम एकच: मातीच्या कणांमधून वाट काढत मधमाशीच्या कोठडीपर्यंत पोचणं. अँड्रीनाचं बीळ जातीप्रमाणे दहा सेंटिमीटरपासून अर्ध्या मीटरहून खोलही असतं. मुख्य बोगद्याला बाजूच्या फांद्या असतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक कोठडी. चांगल्या उन्हाच्या दिवसात मधमाशी साधारण एक कोठडी पुरी करते: आतून पाणी न शिरणाऱ्या स्रावाचं अस्तर, परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग तोंड बंद.

कोठडीत पोचलेली बी फ्लायची अळी लगेच हल्ला करत नाही, थांबते. मधमाशीच्या अळीला परागाचा गोळा फस्त करू देते. ती पूर्ण वाढली, कोषात जाण्याच्या बेतात आली, की त्वचेला तोंड लावून बाहेरूनच तिच्या शरीरातला द्रव शोषायला लागते. याच सुमारास तिचं रूपही बदलतं. चपळ धाग्यासारखी अळी कात टाकते आणि मऊ, जाड, वाकडी, जवळजवळ न हलणारी होते. एकाच कीटकाच्या अळीची अशी दोन अगदी वेगळी रूपं असणं याला अतिरूपांतरण म्हणतात. शेवटी मधमाशीच्या अळीची नुसती रिकामी त्वचा उरते. एका कोठडीतल्या खाद्यावर एकच माशी तयार होते.

थांबण्यामागचा हिशोब साधा आहे. लहान अळीवर ताव मारला तर पोट भरणार नाही. उशीर केला तरी चालत नाही, कारण वसंतातल्या बहुतेक अँड्रीना जाती त्याच उन्हाळ्यात कोठडीतल्या कोठडीत कोष होऊन प्रौढ होतात आणि प्रौढावस्थेतच हिवाळा काढतात. माशीला मिळणारी खिडकी काही आठवड्यांचीच.

यजमानाला, म्हणजे ज्या कीटकावर वाढते त्याला, हमखास मारते म्हणून काटेकोरपणे हिला परजीवीपेक्षा पॅरासिटॉइड म्हणायला हवं. परजीवी सहसा यजमानाला जिवंत ठेवतो.

पुढचा हिवाळा जमिनीखालीच जातो. बाहेर येण्याची जबाबदारी कोषावर, म्हणजे अळी आणि प्रौढ यांच्या मधल्या अवस्थेवर, असते, कारण प्रौढ माशी नाजूक, तिला खणता येत नाही. कोषाच्या डोक्यावर कठीण काटे आणि पोटावर राठ केसांच्या पट्ट्या असतात. तो अंग वळवत, खालून रेटा देत वर सरकतो, जमिनीतून अर्धा बाहेर येतो, आणि मग उलून माशी निघते.

रानगवत

फार उपयोगी माहिती. म्हणजे धोका खरा आहे. मग बिळांवर बारीक जाळी अंथरली तर? आणि वसाहत काही वर्षांत संपेल अशी भीती कितपत बाळगायची?

मातीचादर

जाळी नको. माशी आत शिरतच नाही, वरून फेकते. मातीत घोळलेलं अंडं बारीक जाळीतूनही खाली जाईल, उलट पराग घेऊन परतणारी मधमाशी मात्र जाळीवर आपटत राहील. बीळ शोधताना ती आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवते: खडा, काडी, गवताचा झुबका. जाळी, फळी, दगड, काहीही नवं ठेवलं की ती गोंधळते आणि तेवढा वेळ कोठडी उघडी राहते. उघडी कोठडी म्हणजे इतर शत्रूंना आमंत्रण. कीटकनाशकाचं तर नावही काढू नका. माशी बिळांवर काही मिनिटं असते, मधमाशी त्या मातीत दिवसभर. आधी मरेल ती मधमाशी.

हाताने माश्या पकडून मारणंही चूक आहे, आणि हे मी केवळ दयेपोटी म्हणत नाही. बी फ्लायची संख्या मधमाश्यांच्या मागोमाग चालते. वसाहत मोठी झाली की पुढच्या वर्षी माश्या वाढतात, कोठड्या कमी झाल्या की त्यांनाही खायला मिळत नाही. बहुतेक अंडी वाया जातात, खोल कोठड्यांपर्यंत सगळ्या अळ्या पोचत नाहीत. दोघी एकाच जागी वर्षानुवर्षं नांदतात. वसाहतीवर बी फ्लाय दिसणं म्हणजे तिथे तिला पोसण्याइतकी भरपूर पिल्लं आहेत, असंच वाचायचं. ती फुलांवर फिरते तेव्हा परागीभवनही करते; प्रिमरोज, व्हायोलेट, लंगवर्ट अशा लवकर फुलणाऱ्या झाडांवर तिची चांगली ये-जा असते.

वसाहती खरोखर उठतात त्या जमिनीमुळे. गवत दाट होतं आणि माती सावलीत जाते. पालापाचोळ्याचं किंवा भुशाचं आच्छादन टाकलं जातं. मधमाश्या दिसेनाशा झाल्या म्हणून जागा रिकामी समजून जून-जुलैत खणली जाते, जेव्हा पुढची सगळी पिढी खाली कोठड्यांत असते. रोज पाणी मारलं जातं आणि कोठडीतल्या परागाला बुरशी लागते. तेव्हा करायचं ते एवढंच: हंगाम संपल्यावर गवत अगदी बुडापासून कापा आणि कापलेलं उचलून न्या. वसाहतीचा निदान तिसरा हिस्सा तरी उघडी माती राहू द्या. कुदळ, फावडं, पाण्याची नळी त्या तुकड्यापासून लांब. मदतच करायची असेल तर दोन-चार मीटरवर तशीच आणखी एक उन्हाची, निचऱ्याची, वाळूमिश्रित जागा मोकळी करून ठेवा. वसाहत पसरली की एकाच ठिकाणचा दाब आपोआप कमी होतो.

आणि आधी नीट बघा, बिळांवर घोटाळणारं सगळंच बी फ्लाय नसतं. नोमाडा ही कोकिळेच्या वृत्तीची मधमाशी, गांधीलमाशीसारखी पिवळ्या-लाल पट्ट्यांची, जवळजवळ केस नसलेली; ती थेट बिळात उतरते आणि कोठडी बंद होण्याआधी आपलं अंडं घालते. ल्युकोफोरा ही करडी, साध्या घरमाशीसारखी माशी. परागाने लादलेल्या मधमाशीमागे ठरावीक अंतर ठेवून, दोरीने बांधल्यासारखी उडते आणि बिळाशी बसून संधी बघते. माझ्या मते दाट वसाहतीत या दोघींकडेही तितकंच लक्ष हवं, पण केसाळ, सोंडवाली माशी डोळ्यांत भरते म्हणून सगळा दोष तिच्या माथी जातो.

बोरूनळी

नळ्यांचा प्रश्न राहिला. बॉम्बिलियस मेजर जमिनीतल्या यजमानांची: अँड्रीना, कोलेटीस, हॅलिक्टस, लॅसिओग्लॉसम. नळ्यांमध्ये मातीच्या भिंती बांधणाऱ्या ऑस्मियावर येते ती तिची नातेवाईक अँथ्रॅक्स अँथ्रॅक्स. दिसायला अगदी वेगळी: काळी, अंगावर पांढऱ्या केसांचे पुंजके, लांब सोंड नाही. पद्धत मात्र तीच, नळ्यांच्या तोंडासमोर अधांतरी थांबून अंडी उडवायची.

नळ्यांमध्ये तिची खूण सोपी आहे. वसंतात मातीच्या बुचातून अर्धवट बाहेर आलेली, तपकिरी, काटेरी डोक्याची रिकामी कात दिसते. कोषाने डोक्यावरच्या काट्यांनी एकेक भिंत फोडत वाट काढलेली असते. शरद ऋतूत नळ्या उघडून साफ करत असाल तर ऑस्मियाचा कोश (अळीने स्वतःभोवती विणलेलं वेष्टण) रेशमी, घट्ट, गडद तपकिरी आणि लंबगोल. बी फ्लायचा कोष उघडा, काटेरी, बोट लावलं की वळवळणारा. कोठडीत पिवळ्या-नारिंगी, कुरळ्या शेवयांसारख्या विष्ठेचा गुंता असेल तर तो कॅकोझीनस नावाच्या छोट्या माशीचा, ती पिल्लाचा पराग खाते. पिठासारखे बारीक हलणारे कण असतील तर माइट्स. या तिन्हींची गल्लत करू नका, कारण उपाय वेगळे आहेत. माइट्स लागलेले कोश वेगळे करून साफ करावे लागतात, कॅकोझीनसच्या अळ्या कोठड्या उघडल्या की सरळ वेगळ्या काढता येतात, आणि बी फ्लायचे थोडे कोष असतील तर माझ्या मते तसेच राहू द्यावेत.

नळ्यांच्या घरात अडचण वाढते ती आपल्या मांडणीमुळे. निसर्गात अशी भोकं विखुरलेली असतात. आपण दोनशे नळ्या एका चौकटीत रचतो आणि शत्रूला शोधाशोध करावीच लागत नाही. वीस-पंचवीस नळ्यांची चार छोटी घरं, एकमेकांपासून काही मीटरवर, हे केव्हाही चांगलं. ऑस्मिया बायकॉर्निससाठी नळीचा व्यास ७ ते ८ मिलिमीटर आणि खोली १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. आखूड नळीत मुळातच कोठड्या कमी आणि मागे खोलवर राहणाऱ्या मादी पिल्लांना जागा उरत नाही, सगळी संख्या पुढच्या नर पिल्लांकडे झुकते. नळीच्या आत कागदाची सुरळी घातली की दरवर्षी बदलता येते. नळी मागून बंद हवी. मागची फट म्हणजे सगळ्यांनाच मागचं दार.

भुईकोठडी

बोरूनळींच्या मुद्द्याला एक जोड. बॉम्बिलिडी या कुळात सुमारे ५,००० जातींचं वर्णन झालेलं आहे आणि त्या सगळ्या मधमाश्यांच्या मुळावर नाहीत. काही सुरवंटांवर वाढतात, काही टोळांच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर. बी फ्लाय हे नाव बऱ्याच अंशी रूपावरून पडलं आहे.

रानगवत

तोच शेवटचा प्रश्न. हे मधमाशीचं रूप बिळाजवळ जाताना मधमाश्यांना फसवण्यासाठीच आहे ना?

दोनपंखी

असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं, पण मला ते पटत नाही. अँड्रीना आपल्या बिळावर पहारा देत नाही आणि माशीवर तुटूनही पडत नाही. तिला फसवायची गरज कुठे आहे? शिवाय माशीचं रूप भुंग्यासारखं गुबगुबीत, अँड्रीनासारखं नव्हे. यजमानाला फसवायचं असतं तर ती यजमानासारखी दिसली असती. पक्ष्यांपासून संरक्षण हे स्पष्टीकरण जास्त सरळ आहे: डंख मारणाऱ्याचं रूप निरुपद्रवी कीटकाने घ्यायचं. हेन्री वॉल्टर बेट्सने १८६२ मध्ये फुलपाखरांवरून मांडलेली कल्पना तीच. आणि लोकरीसारखे केस वसंतातल्या गार हवेत ऊब धरून ठेवायलाही कामी येतात, तेव्हा सगळं श्रेय सोंगालाच द्यायला नको.

कात_संग्राहक

नोंदी ठेवायच्या असतील तर दोन गोष्टी सांगतो.

मोजणी: वसाहतीतला एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा चार काड्यांनी कायमचा आखून घ्या. ऊन असलेल्या, वारा मंद असलेल्या दिवशी अकरा ते तीनच्या दरम्यान दहा मिनिटं एका जागी बसून तीन आकडे लिहा: उघडी बिळं, परागासह परतणाऱ्या मधमाश्या, अंडी फेकणाऱ्या माद्या. आठवड्यातून दोनदा पुरे. सावली बिळांवर पडू देऊ नका, दोघीही दूर राहतात आणि आकडे खोटे येतात. नुसत्या फिरणाऱ्या माश्या मोजू नका, त्यात नरही असतात आणि रस प्यायला आलेल्याही. मातीत घासण्याच्या वेळा वेगळ्या लिहा, त्यांना अंडी फेकण्यात धरलं की संख्या फुगते. फोटो हवा असेल तर उडत्या माशीचे पंख गोठवायला शटर १/२००० किंवा त्याहून जलद ठेवा, पण जात ठरवायला बसलेल्या माशीचा वरून घेतलेला एक साधा फोटो जास्त मोलाचा.

काती: हंगामाच्या अगदी सुरुवातीला, सकाळी, जमिनीला डोळे लावून तिरप्या उन्हात बघा. तपकिरी, पारदर्शक, साधारण एक सेंटिमीटरची कात मातीतून अर्धी वर आलेली दिसते, पाठीवर चीर, डोक्याशी काटे. ती इतकी ठिसूळ असते की एका सरीत किंवा एका पावलाखाली नाहीशी होते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत रोज फेरी हवी. चिमट्याने ओढली तर डोकं तुटतं आणि काट्यांची रचनाच जाते, जी ओळखीसाठी हवी असते. बाजूची माती सुईने मोकळी करा, कात खालून उचला आणि कापूस न घालता छोट्या कुपीत ठेवा, कापसाच्या तंतूंत काटे अडकतात. कुपीवर तारीख आणि आखलेल्या तुकड्यातली जागा लिहा. दर वर्षी त्याच तुकड्यातल्या काती मोजल्या तर किती माश्या प्रत्यक्ष तयार झाल्या हे कळतं, आणि त्यासाठी एकही कोठडी उकरावी लागत नाही.